दीड महिन्याच्या नातीच्या खांद्याला व्यायाम कसा द्यावा?

पत्र: सादर नमस्कार. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातारा जिल्ह्यात आमच्याकडे माहेरी आली आहे. गरोदरपणात तिला साखरेचा त्रास होता. नात 4 किलो 200 ग्रॅम वजनाची झाली आणि डोके बाहेर आल्यावर तिचा खांदा अडकला. तेव्हापासून तिचा उजवा हात अंगालगत सरळ पडून असतो, कोपरात वाकत नाही; बोटे मात्र ती हलवते आणि माझे बोट घट्ट धरते. एक्स-रेमध्ये कुठलेही हाड मोडलेले दिसले नाही. डॉक्टरांनी ‘एर्ब्ज पाल्सी’ असे निदान केले आणि नात तीन आठवड्यांची झाल्यावर फिजिओथेरपिस्टने आम्हाला खांद्याचे व्यायाम दाखवले. पहिल्याच दिवशी नात रडली, मुलगी घाबरली आणि व्यायाम तिथेच थांबले. आता नात सात आठवड्यांची आहे. मालीशवाल्या बाई म्हणतात की हात ओढून मोकळा करू. शेजारचे लोक हाडवैद्याकडे न्या म्हणतात. मी आजवर चार नातवंडांना पायांवर घेऊन न्हाऊ घातले आहे. हे व्यायाम मी केले तर चालतील का? ते कसे करायचे? मालीश चालू ठेवावी का? आणि हात बरा होईल ना? – एक आजी

उत्तर:

आदरणीय आजींना सप्रेम नमस्कार.

व्यायाम तुम्ही जरूर करा आणि याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. मध्ये चार आठवडे गेलेले असल्यामुळे त्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवून घ्या, म्हणजे सांधा आज किती मोकळा आहे हे त्यांना हात लावून पाहता येईल आणि तुमच्या हाताची पकडही त्यांना दुरुस्त करता येईल. लहान बाळाला धरण्याची तुमची सवय इथे मोलाची आहे. मात्र त्या सवयीतल्या दोन-तीन गोष्टी या नातीपुरत्या पूर्णपणे सोडाव्या लागतील, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

आधी हाताला काय झाले आहे ते पाहू, कारण ते नीट समजले की व्यायामाची निम्मी भीती जाते. मानेच्या कण्यातून निघणाऱ्या पाच नसा खांद्याच्या वर एकत्र येतात, त्यांचे जाळे होते आणि त्यातून पुढे संपूर्ण हाताला फांद्या जातात. खांदा अडकलेला असताना डोके आणि खांदा यांच्यामधले अंतर ताणले गेले की हे जाळे ताणले जाते आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या दोन नसांना सर्वांत आधी इजा होते. या दोन नसा खांदा वर उचलण्याचे, दंड बाहेरच्या बाजूला वळवण्याचे आणि कोपर वाकवण्याचे काम करतात. जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब यांनी 1874 मध्ये इजेची ही जागा दाखवून दिली, म्हणून दुखण्याला त्यांचे नाव पडले. हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्माच्या वेळी या जाळ्याची इजा होते. बोटे आणि पंजा ज्यांच्यावर चालतात त्या खालच्या नसा तुमच्या नातीच्या बाबतीत शाबूत दिसतात, कारण ती तुमचे बोट घट्ट धरते. हे लक्षण खरोखर चांगले आहे.

आता मुख्य मुद्दा. या व्यायामांनी नस जोडली जात नाही. तिची दुरुस्ती आतून, तिच्याच गतीने होते; वाढणारी नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोहोचायला तिला काही महिने लागतात. तोपर्यंत खांद्याचा सांधा आखडू न देणे, एवढेच व्यायामाचे काम आहे. वर्षभर बंद राहिलेल्या घराच्या दाराची बिजागरी गंजली, तर मालक किल्ली घेऊन परतला तरी दार उघडत नाही. नस परत आली आणि सांधा घट्ट बसलेला असला, तर तसेच होते.

सांधा आखडतो तोही एका ठरावीक दिशेने. दंड बाहेर वळवणारे स्नायू झोपलेले आहेत, पण तो आत वळवणारे, छातीकडे ओढणारे स्नायू बऱ्याच अंशी जागे आहेत, कारण त्यांना खालच्या नसांचाही पुरवठा असतो. त्यामुळे हात सतत आत वळलेला राहतो, सांध्यापुढची आवरणे आणि स्नायू आखूड होत जातात आणि दंडाच्या हाडाचा गोळा हळूहळू मागे ढकलला जातो. बाळाच्या खांद्याची खोबण अजून मऊ कूर्चेची असते आणि गोळा जिथे टेकतो त्या आकाराची ती घडते. गोळा मागे सरकला तर खोबण चपटी, वाकडी वाढते. काही बाळांमध्ये हे पहिल्या वर्षाच्या आतच घडते. म्हणून शिकवलेल्या सगळ्या व्यायामांपैकी एकच नीट जमणार असेल, तर तो दंड बाहेर वळवण्याचा असावा, असे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते.

तो असा करावा. नातीला घट्ट गादीवर किंवा चटईवर दुपटे अंथरून उताणे झोपवा, तिचे पाय तुमच्याकडे असू द्या आणि तिचा चेहरा तुम्हाला दिसू द्या. तिचा उजवा दंड बरगड्यांना टेकवा आणि कोपर काटकोनात वाकवा, म्हणजे पंजा छताकडे होईल. एका हाताने कोपराजवळचा दंड धरून तो अंगालाच लागून राहील असे पाहा. दुसऱ्या हाताने तिचा कोपरापुढचा हात तळव्यात घ्या. नुसते मनगट चिमटीत धरू नका, कारण लांबून धरले की थोड्या जोरानेही हाडाला पीळ बसतो. आता तो हात सावकाश बाहेरच्या बाजूला, गादीकडे वळवत न्या. जिथे मऊसा अडथळा जाणवेल तिथे थांबा, मनात सावकाश दहापर्यंत मोजा आणि तितक्याच सावकाश परत आणा. बाळाला सवय झाली की ही वेळ तीसपर्यंत वाढवता येते. कोपर अंगापासून सुटले तर हात गादीला टेकलेला दिसतो, पण सांधा वळलेलाच नसतो. घरी सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे. डाव्या हातालाही हीच हालचाल एकदा देऊन पाहा, म्हणजे उजवा किती मागे आहे ते तुम्हाला प्रत्येक वेळी कळेल.

दुसरी हालचाल हात डोक्याकडे वर नेण्याची आहे आणि तिच्यात एक बारकावा आहे. निरोगी खांद्यात दंड आणि पाठीवरचा फरा असे दोघेही हलतात. सांधा आखडू लागला की दंड अडतो, पण फरा त्याची भरपाई करतो, आणि हात कानापर्यंत सहज गेल्यासारखा दिसतो. घरची मंडळी समाधानी होतात आणि सांधा आतून आखडतच राहतो. म्हणून एका हाताचा तळवा काखेच्या मागच्या बाजूने नेऊन फऱ्याची बाहेरची कड हलकेच रोखून धरायची आणि मग दुसऱ्या हाताने दंड समोरून वर न्यायचा. फरा रोखल्यावर हात आधीपेक्षा कमी वर जाईल. तितकाच जाऊ द्यावा. ही पकड वाचून पूर्ण समजत नाही. फिजिओथेरपिस्टला तुमच्या हातावर हात ठेवून ती दाखवायला सांगा आणि त्यांच्या परवानगीने मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

यांच्या जोडीला कोपर वाकवणे आणि सरळ करणे, कोपर वाकलेले असताना तळहात वर वळवणे, आणि मनगट सावकाश वर उचलणे या लहान हालचाली आहेत. त्या सोप्या आहेत आणि दूध पिण्याची वाट पाहतानाही करता येतात. दंड अंगापासून बाजूला काटकोनात नेऊन मग बाहेर वळवण्याचा एक व्यायाम काही ठिकाणी शिकवतात, पण तो सांध्याची तपासणी झाल्याशिवाय स्वतःहून सुरू करू नका.

किती वेळा करावे, याबाबत तुमच्या फिजिओथेरपिस्टने दिलेली संख्या पाळा. सर्वसाधारणपणे प्रत्येक हालचाल तीन ते पाच वेळा आणि अशी फेरी दिवसातून किमान तीनदा, असे सांगितले जाते. लंगोट बदलण्याच्या वेळेशी व्यायाम जोडला तर तो सहसा चुकत नाही आणि बाळाच्या दिवसात त्याला ठरलेली जागा मिळते. पाजल्यानंतर लगेच किंवा कडकडून भूक लागलेली असताना करू नका. तुमचे हात कोमट असावेत, नखे कापलेली असावीत आणि बांगड्या थोड्या वर सरकवलेल्या असाव्यात.

तुमची मुलगी रडण्याला घाबरली. तिचे घाबरणे स्वाभाविक आहे, पण रडण्या-रडण्यात फरक असतो. हात धरून ठेवला याचा राग येऊन बाळ कुरकुरते, अंग आळोखेपिळोखे देते, आणि तुम्ही बोललात, गाणे म्हटले की शांत होते. हे रडणे व्यायाम थांबवण्याचे कारण नाही. मात्र हालचालीच्या ठरावीक टप्प्यावर दर वेळी बाळ एकदम किंचाळत असेल, दंडाला किंवा खांद्याला सूज आली असेल, किंवा हाताखाली टक् असा आवाज जाणवला असेल, तर लगेच थांबा आणि दाखवा. हाताला विश्रांती देण्याचा सुरुवातीचा काळ उलटून गेल्यावरच तुम्हाला हे व्यायाम शिकवले होते, हेही मुलीला सांगा. तिच्या मनात बहुधा अशी भीती असेल की हात हलवला तर नस पुन्हा तुटेल. नसांच्या जाळ्याला ताण बसतो तो डोके आणि खांदा एकमेकांपासून दूर ओढले गेल्याने. दंड बरगड्यांना टेकवून तो बाहेर वळवताना मान आणि खांदा यांच्यातले अंतर वाढतच नाही.

याच कारणासाठी मालीशवाल्या बाईंना माझा निरोप स्पष्ट आहे: हात ओढायचा नाही. आपल्याकडच्या मालिशीत बाळाचे दोन्ही हात ताणून छातीवर फुलीसारखे आडवे घेतात, उजवा हात डाव्या पायाला लावतात, काही ठिकाणी तर हातांना धरून बाळाला वर उचलतात. तुमच्या नातीसाठी ओढणे आणि उचलणे हा जखमी नसांना पुन्हा ताण आहे, आणि छातीवरून हात आडवा नेणे म्हणजे ज्या दिशेने सांधा आखडतो आहे त्याच दिशेने त्याला आणखी ढकलणे आहे. बाई वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांनी शेकडो सुदृढ बाळे हाताळली असतील, पण त्यांचा तो अनुभव या हाताला लागू होत नाही. हलक्या हाताने तेल लावायला, दंडावरून पंजापर्यंत तळवा फिरवायला काहीच हरकत नाही, उलट ते चांगलेच आहे. आईचा किंवा आजीचा स्पर्श त्या हाताला वारंवार मिळाला तर त्या हाताकडे बाळाचे लक्षही जाते.

हाडवैद्याकडे मुळीच नेऊ नका. या खांद्यात बसवण्यासारखे निखळलेले हाड आज कोणाला दिसलेले नाही आणि झटका देऊन नस जुळत नाही; झटक्याने इजा मात्र नक्की होऊ शकते.

न्हाऊ घालताना आणखी एक काळजी घ्या. या हाताची त्वचेची जाणीव काही प्रमाणात कमी असू शकते, त्यामुळे पाणी जास्त कढत असले तर बाळ तो हात झटकणार नाही आणि तुम्हाला कळणारही नाही. पाणी आपल्या कोपराने पाहा. त्या हाताला शेक, गरम फडके किंवा विस्तव जवळ नको. धुरी तर बाळाच्या श्वासासाठीही टाळलेलीच बरी. बोटांवर ओरखडे किंवा चावल्याच्या खुणा आहेत का, हे रोज पाहत जा.

दिवसभर हात कसा राहतो, यालाही व्यायामाइतकेच महत्त्व आहे, कारण व्यायामाची मिनिटे थोडी असतात आणि उरलेला सगळा दिवस हात कुठल्या तरी स्थितीत पडलेला असतो. उचलताना एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घाला. काखेत हात घालून उचलू नका. पुढून उघडणारी, बंदांची झबली वापरा. घालताना उजवा हात आधी आणि काढताना तोच शेवटी. दुपट्यात घट्ट गुंडाळताना उजवा हात छातीवर दाबून आत कोंडला जातो, म्हणून तशी गुंडाळण्याची पद्धत सोडा. अंगावर पाजताना तो हात बाळाच्या अंगाखाली किंवा पाठीमागे अडकलेला नाही, आईच्या कुशीला मोकळा टेकलेला आहे, हे पाहा. बाळाला उताणेच झोपवा. अशा बाळांची मान पुष्कळदा दुखऱ्या हाताच्या उलट बाजूला वळलेली राहते, म्हणून खुळखुळा उजव्या बाजूने वाजवा आणि तिच्याशी बोलायलाही त्याच बाजूने बसा. बाहेर मिळणारे पट्टे किंवा स्प्लिंट आपल्या मनाने बांधू नका. पूर्वी हात वर बांधून ठेवण्याची पद्धत होती आणि तिच्यामुळे उलट्या दिशेचा ताठरपणा आल्याने ती मागे पडली.

हात बरा होईल का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे आहे की वरच्या दोन नसांपुरती इजा असलेल्या बहुसंख्य बाळांचा हात पुष्कळ सुधारतो आणि अनेकांचा पूर्ण बरा होतो. पण काहींच्या नसा खरोखर तुटलेल्या असतात आणि त्या आपोआप जुळत नाहीत. ही दोन प्रकारची बाळे सुरुवातीला सारखीच दिसतात. फरक कळतो तो कोपर वाकवणारा दंडाचा पुढचा स्नायू कधी जागा होतो यावरून. तीन महिने पूर्ण होईपर्यंत तुमच्या नातीने स्वतःहून कोपर वाकवून हात उचलला नाही, तर ‘वाट पाहू, होईल सावकाश’ असे कोणी म्हटले तरी तुम्ही वाट पाहू नका. नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे तिला नेऊन मत घ्या. मत घेतले म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच असे नाही. काही तज्ज्ञ आणखी काही महिने दर भेटीत हालचाल मोजतात आणि मग ठरवतात. ही शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते नऊ महिन्यांच्या वयात करतात, कारण नसेविना राहिलेला स्नायू फार काळ सजीव राहत नाही. आज नात सात आठवड्यांची आहे, म्हणजे भेटीची वेळ आताच घेऊन ठेवायला हवी.

खांदा निसटू लागल्याची चिन्हेही तुम्हाला माहीत असावीत: कालपर्यंत सहज बाहेर वळणारा हात अचानक कमी वळू लागणे, उजवा दंड डाव्यापेक्षा आखूड वाटणे, काखेतली वळी दोन्ही बाजूंना सारखी न दिसणे. या वयात सांध्याचा गोळा कूर्चेचा असल्यामुळे एक्स-रेत तो नीट दिसत नाही, म्हणून अशी शंका आल्यास खांद्याच्या सोनोग्राफीविषयी विचारा.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार घ्या. 2013 मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या अंतर्गत जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रे चालतात आणि तिथे लहान मुलांसाठी तपासणी, फिजिओथेरपी आणि पुढच्या उपचारांसाठी शिफारस मोफत मिळते. जिल्हा रुग्णालयात किंवा गावच्या आशाताईंकडे चौकशी करा. मुंबईला जाणे शक्य असेल तर हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही आहे.

आता तुमच्या मुलीविषयी. तुम्ही लिहिले नसले तरी ‘माझ्यामुळे हे झाले’ असे तिला वाटत असणार, कारण जवळजवळ प्रत्येक आईला ते वाटते. बाळ मोठे असणे आणि आईला साखर असणे यांमुळे खांदा अडकण्याची शक्यता वाढते हे खरे, पण कोणाचा खांदा अडकेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तिने कळा कमी दिल्या किंवा खाण्यात चूक केली म्हणून हे घडलेले नाही. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, घरातल्या इतरांनाही ऐकू द्या. त्याचबरोबर व्यायाम सगळे तुम्हीच करू नका. काही आठवड्यांनी ती सासरी जाईल आणि त्या दिवशी व्यायाम पुन्हा थांबता कामा नये. पहिले काही दिवस तिने तुमच्या शेजारी बसून फक्त डावा, निरोगी हात हलवावा, मग तुमच्या हातावर हात ठेवून उजवा, मग एकटीने. जावई भेटायला येतील तेव्हा त्यांनाही शिकवा. बाळाच्या वडिलांनी हे काम आपले मानले की आईच्या मनावरचा भार निम्मा होतो. आणि गरोदरपणी साखर असलेल्या बाईने प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणी पुन्हा करून घ्यायची असते. तुमच्या मुलीची ती वेळ आताच आहे; नातीच्या धावपळीत ती राहून जाऊ नये.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड आणि जुना एक्स-रे सोबत न्या. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, नातीला दोन्ही हात मोकळे ठेवून उताणे झोपवून, मिनिटभराचा व्हिडिओ काढत जा. कोपर पहिल्यांदा कधी वाकले हे तज्ज्ञांना त्यातून तारखेसकट दाखवता येईल. मराठीत लिहिलेला व्यायामाचा कागदही त्यांच्याकडून मागून घ्या. तो मिळाला नाही, तर त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत मुलीच्या सासरी जाण्याच्या सामानात ठेवा.